गाडीचा जोर

रविवार, संध्याकाळ. तंजावूर

धाकट्या भावाने नवी गाडी आणली, भलत्याच ताकदीची. माझ्या लेकीला, तुळजाला, परवाच लायसन्स मिळालं, आणि लगेच काकाकडे किल्ली मागायला लागली. मी म्हटलं, "नको गं, या गाडीला फार जोर आहे." ती खुलली, "होय ना अप्पा, जोरच आहे!" आमच्या घरी मराठी, पण ती वाढली इथल्या तमिळमध्ये, आणि तमिळमध्ये जोर म्हणजे झकास. मी अडवतोय, तिला वाटलं कौतुक करतोय!

ऑस्ट्रेलियात म्हणे नवशिक्या पोरांना अशा गाड्या चालवूच देत नाहीत. आपल्याकडे का नाही? आणि नियम केलाच, तर तुळजाला तो कुठल्या भाषेत कळेल?

शेवटी मीच शेजारी बसलो. तिने इंजिन सुरू केलं, गाडी गुरगुरली, आणि माझ्या तोंडून निघालं, "जोर!"

कुठल्या भाषेतला, अजून ठरत नाही.