पिरिहिराला उद्देशून

वाइकारा,
१४ जून

एरुएती,

तुझं पत्र मिळालं. इकडे थंडी पडली आहे. पुराने हललेल्या पुलांची तपासणी माझ्याकडे आल्यामुळे उत्तराला उशीर झाला. होहेपा मामाचा गुडघा तसाच आहे. मेलबर्नमध्ये तुझं बरं चाललं असेल.

पुस्तक कसं वाटलं, असं तू विचारलं आहेस. छपाई चांगली आहे. हिनेकुराला लिहिलेली कविता मला आवडली. शत्रू दारात आलेला असताना रताळ्यांचं बियाणं पोटाशी बांधून ती नदी पोहून गेली, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण 'तुझे हात गारठले होते का?' असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या खाडीला भलतंच नाव देऊन निघून गेलेल्या इंग्रज कप्तानाला तू जे सुनावलं आहेस, त्यावर तर सभाघरापुढे बसलेली सगळी माणसं हसली. मामा वाचत होता.

"हाण त्याला!" माकेरे मावशी ओरडली. "दोनशे वर्षांनी का होईना, कुणीतरी हाणला मेल्याला!"

तोवर सगळं ठीक होतं.

मग मामाने 'पिरिहिराला' हे शीर्षक वाचलं. सगळ्यांना वाटलं, जिचं नाव आईला ठेवलं ती पणजी पिरिहिरा, तुरुंगातल्या नवऱ्याला भेटायला डोंगर ओलांडून गेलेली. थोड्याच ओळींत लाल गमबूट आले. पणजी आयुष्यभर अनवाणी फिरली. मामाच्या ते लक्षात आलं असणार, पण वाचायला घेतलेलं मध्येच सोडायचं नाही हा त्याचा हट्ट. 'जा आई, जा, पूर्वजांच्या वाटेने जा, तिथे तुझी वाट पाहत आहेत.' हे शब्द आपण कुणाला म्हणतो, ते तुला मी सांगायला नको. सभाघरापुढे बोलायला उभं राहिलं की आपण आधी मेलेल्यांशी बोलतो, त्यांना निरोप देऊन त्यांच्या जागी ठेवतो आणि मगच जिवंतांकडे वळतो. ही सरमिसळ लहान मूलसुद्धा करत नाही.

आई पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर गोधडी, पायांत तेच गमबूट.

मावशी ताडकन उठली आणि मामाची ओळ अर्धी असतानाच तिने गाणं सुरू केलं. बाकीच्या बायकांनी सूर धरला. बायकांचं गाणं सुरू झालं की बोलणाऱ्याने बसायचं, मामा बसला. पण आईने ऐकायचं ते ऐकलं होतं. तिने माझी बाही ओढली.

"अगं, मी कधी गेले?"

"तुम्ही नाही गेलात."

"मग आमचा एरु खोटं बोलतो होय? शिकलेला आहे तो."

'कवितेतली आई म्हणजे आपली आई नव्हे,' असं तू पत्रात लिहितोस. मग गमबूट कुणाचे? 'फोनवर ती मला ओळखत नाही. मला ओळखणारी आई गेली आहे, मी तिलाच लिहिलं.' वाक्य चांगलं आहे. लोक त्याखाली रेघ मारतील. फोनवरच्या माणसाला ती ओळखत नाही, हे खरं. एरु कोण, हे मात्र तिला पक्कं ठाऊक आहे.

मी कोण, ते नाही. गेल्या हिवाळ्यापासून मी तिच्यासाठी पुलांच्या ऑफिसातली बाई आहे, म्हणून तिच्याशी बोलताना मीही 'तुम्ही' म्हणते. "तुझी आई कुठे असते गं?" असं ती विचारते. मी सांगते, इथेच, जवळ. हे तुला कळवलं नव्हतं. कळवून तू काय केलं असतंस? आता ठाऊक झालं. कविता.

वाचनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरात नव्हती. ती सभाघरात सापडली. मागच्या भिंतीशी, गेलेल्यांच्या फोटोंखाली गादी ओढून बसली होती. हातात स्वतःचा फोटो. "खिळा कुठे ठोकायचा ते होहेपाला विचार," म्हणाली. जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीवर लावत नाहीत, हे ती विसरलेली नाही. म्हणूनच लावायला सांगते आहे.

रोज मी तिला तिथून घरी आणून टेबलाशी बसवते. वामीचा रस्सा, रताळं, मावशीची गरम भाकरी, सगळं तसंच परत जातं. "मेलेल्या माणसाला कशाला वाढता, बाई? वाया जातं," असं ती हसून म्हणते. डॉक्टर येऊन गेल्या. त्यांनी काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तू त्याचंही काहीतरी करशील.

मामा म्हणाला, "जितेपणी धाडलेल्याला परत आणायचा काही नियम मी ऐकलेला नाही. पण ज्यानं धाडलं, त्यानंच बोलावून बघावं." ज्याची चाचणी झालेली नाही त्यावर मी सही करत नाही, हे तुला माहीत आहे. यावर करते.

तेव्हा ये. पुढच्या पुस्तकानंतर नाही, आत्ता. ऑकलंडहून सकाळची बस घे. सभाघराच्या फाटकाशी मावशी तुला रीतीप्रमाणे हाक मारून आत घेईल. मग बोलायला उभा राहा. मेलेल्यांशी हवं तितकं बोल, त्यात तू तरबेज आहेस. नंतर त्यांना तिकडे ठेव, आमच्याकडे वळ, आणि जिवंतांमध्ये पहिलं नाव तिचं घे. मोठ्याने घे. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं.

ती तुला ओळखेल, असं मी लिहिलेलं नाही.

जिवंत पिरिहिराची मुलगी,
पारेहुइया