धाकटीच्या डोक्याची तजवीज

आधी दुरुस्ती. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की मी गेल्यावर माझा मेंदू तपासणीसाठी द्यावा. वकीलबाईंनी वाचून विचारले, "हा कागद उघडणार कधी?"

"पाहुणे गेले की."

"आणि मेंदू तोवर थांबणार?"

मेंदू काही तासांतच द्यावा लागतो. म्हणून तो कागद रद्द समजून हा धरावा. हे मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये म्हणून मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. वय सव्वीस. काम, बॉक्सिंग शिकवणे आणि अजून खेळणेही.

१. मी गेल्याबरोबर, रडण्याआधी, मेंदू घेणाऱ्या इस्पितळाला आईने फोन करावा. नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. आईला अक्षरे येत नाहीत, आकडे येतात. रडायला पुढे वेळच वेळ आहे.

कारण असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, यांना रिंगणात सगळे 'भिंत' म्हणत; कितीही ठोसे बसले तरी हलत नसत. आता ते स्वतःच्या घराचा जिना चुकतात. आईवर उगाच खेकसतात, आणि मग तिच्याच पायाशी बसून रडतात. डॉक्टर म्हणाल्या, वर्षानुवर्षे डोक्याला मार बसला की मेंदू झिजत जातो. लक्षणांवरून अंदाज बांधता येतो. खात्री मात्र माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होते.

अण्णा हसले. "म्हणजे भिंत पाडल्यावरच ओल कळणार!" आणि स्वतःचा मेंदू देण्याच्या कागदावर तिथेच अंगठा उठवला. आई त्या दिवशी जेवली नाही.

२. बँकेतली शिल्लक आईला. ती औषधांसाठीच वापरावी, मामाला उसनी देऊ नये. मामा, राग येईल तुला, येऊ दे. तुला माझी सायकल ठेवली आहे. तिला ब्रेक आहेत, तुला कधीच नव्हते.

३. माझे हातमोजे अण्णांना. ते मला दिले तेव्हा माझ्या हातांना फार मोठे होत, म्हणून आईने आत जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबल्या होत्या. अण्णा बिथरले की ते त्यांच्या मांडीवर ठेवावेत. नाडी बांधायला ते अजून चुकत नाहीत, आणि बांधता बांधता शांत होतात.

४. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आलेली असताना "ऊठ, भिंतीची पोर ना तू?" म्हणून ज्या पंचांनी मला पुन्हा उभे केले, त्यांना काही मिळणार नाही. त्यांनी काही मागितलेलेही नाही, हे मला माहीत आहे. तरी कलम राहू द्यावे.

५. अण्णांच्या बॉक्सिंगच्या हॉलची एक रीत आहे. पोराला बारावे वर्ष लागले की अण्णा त्याच्या कपाळावर पहिला ठोसा देतात, भीती मोडायची म्हणून. मला दिला तेव्हा लगेच खांद्यावर उचलून घेतले होते. त्या दिवसाइतका मोठा दिवस मला पुढे एकाही पदकाने दिला नाही. पण आता अण्णा ठोसा देतात आणि विसरतात. गेल्या महिन्यात एका पोराला पुन्हा समोर उभे केले.

"अण्णा, याला कालच दिलात."

"दिला? मग हा अजून घाबरतोय कशाला?"

सगळे हसले. मीही हसले. पोर हसले नाही. ही रीत बंद करावी.

६. माझी धाकटी बहीण. परवा तिला बारावे वर्ष लागते. "ताई, तुला दिला, मग मला का नाही?" असे म्हणून तिने कालपासून अबोला धरला आहे.

इथे आणखी एक चूक कबूल करायची राहिली. या घरात शाळेत गेलेली मी पहिली. घरात येणारा प्रत्येक कागद मी वाचते. मागचे मृत्युपत्रही मीच वाचून दाखवीन, असे मी बहुधा धरून चालले होते! माझ्यामागे वाचणारी धाकटीच. तेव्हा तिचे डोके मी कोणाच्याही मुठीखाली देत नाही. ते आहे तसे तिच्याकडेच राहावे.

हे कलम माझ्या मरणाची वाट पाहू शकत नाही. मामाने उपाय सुचवला, "अण्णांना सांग की, तिला काल दिलात म्हणून. त्यांना काय आठवतंय?" खरे आहे, चालून जाईल. पण मागून मारायचे नाही, हे अण्णांनीच मला पहिल्या दिवशी शिकवले. मी हातमोजे त्यांच्या मांडीवर ठेवून, समोर बसून, धाकटीच्या देखत खरे तेच सांगणार आहे, की हिला ठोसा द्यायचा नाही. विसरले तर पुन्हा सांगेन.

सही: भिंतीची थोरली

साक्षीदार: १. हातमोजे शिवणारे चांभारकाका. २. माझे दोन दात बसवणाऱ्या डॉक्टरबाई. (आई, अण्णा आणि मामा यांना यातून काही मिळते, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.)

स्थळ: हॉलच्या वरची खोली. शुक्रवार, १२ जून.

कलम सहाचा अंमल: रविवार, १४ जून, सकाळी, हॉल उघडण्याआधी.