थंडीतली मरळ

३ जानेवारी १९५८, शुक्रवार. सकाळी ताप एकशे दोन.
ताप रोज लिहून ठेवा, असं आर्वीचा डॉक्टर सांगून गेला. मला अक्षर येत नाही. सून वच्छला चौथी पास आहे. तिला म्हटलं, मामंजींच्या तापाखाली माझ्याही दोन ओळी लिहीत जा, आजाऱ्यापेक्षा सांभाळणाऱ्याला ताप जास्त. माझं बोलणं ती पुस्तकासारखं करून लिहिते. लिहू दे.
आमच्या ह्यांना, म्हणजे खुशालरावांना, न्यूमोनिया झाला आहे. इंजेक्शनं झाली, पण पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टर म्हणे, अंगात ताकद आली तर निभावेल. नाही आली तर काय, ते मी विचारलं नाही. भिऊन नव्हे. त्याला नदी उतरून जायचं होतं, उगाच कशाला त्याचा टाइम घ्यायचा.
बुढ्याने संध्याकाळी तोंड उघडलं. मागितलं काय, तर मरळीचा रस्सा. बरं. उद्या मरळ घरात.

४ जानेवारी. ताप एकशे दोन.
नत्थुजी भोयाकडे गेले. म्हणाला, "मावशी, थंडीत मरळ तळाशी चिखलात बसते. जाळ्यात येत नाई. शिवरात्र होऊ दे, मंग पाहू."
शिवरात्रीपर्यंत. मी वाटेला लागले.
घरी येऊन ह्यांचा गळाचा डबा खाली काढला. मूर्तिजापूरच्या ओमप्रकाश नावाच्या रेल्वे गार्डाने ह्यांना दिलेली चीज त्यातच आहे: शिशाची गोळी, तिच्यातून निघालेला गळ, मागे कोंबड्याची पिसं. आमचे हे तिला नाचरी म्हणतात. वर काठीच्या दोरीला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधायचा. तो तरंगतो, नाचरी खाली लोंबते. तुकडा बुडाला की मासा लागला. एवढंच. यात पुरुषांनी इतकी वर्षं मिजास कशाची केली, कळत नाही.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ताप एकशे एक, संध्याकाळी एकशे तीन.
डोहावर जाऊन आले. त्या डोहात साती आसरा राहतात, बाईमाणसाला ओढून नेतात, असं लोक म्हणतात. माझा विश्वास नाही. नारळ, हळदकुंकू अन् हिरव्या बांगड्या नेल्या त्या सहज. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये.
पाण्यापासून जरा अंतर ठेवून बसले. नाचरी वाळूत पडत राहिली. दोरी आखूड पडते, दुसरं काही नाही.
बुढ्याने विचारलं, "पाण्यात टाकली होती ना?"
तापात अंग जळतं आहे, जीभ मात्र शाबूत. चांगली खूण आहे.

६ जानेवारी, सोमवार. ताप एकशे तीन.
सोमवारी मी मासा शिवत नाही. म्हणून गेले नाही. सोमवार बरा आडवा आला, असं वच्छला पुटपुटली. ते लिहू नको म्हटलं. लिहिलं वाटतं.

७ जानेवारी. ताप एकशे तीन.
ह्यांनी आज शिकवलं. म्हणाले, "देवीदासची माय, थंडीत मासा मागं धावत नाई. त्याच्या नाकापुढं नाचरी लटकव अन् चूप बस. झटके देऊ नोको. जराशीक थरथर पाह्यजे. आपोआप झाल्यासारखी. थेच जमत नाई कोणाले."
एवढं बोलून दमले, डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मी नाकाशी बोटं धरली.
"मी मासा नोहे वं," म्हणाले.
बोटं हलत होती माझी. पहाटेचा गारठा.

८ जानेवारी. ताप एकशे तीन. पाणीही घेतलं नाही.
वच्छला म्हणाली, "मामीजी, अकोल्याले तार करू. ते येऊन जातील." ते म्हणजे माझा देवीदास, तिथे कापसाच्या जिनात कामाला आहे. म्हटलं, तार माणूस मेल्यावर करतात. आमच्या घरी कोणी मेलेलं नाही. तार नाही.
मग गळ घेऊन निघाले. नारळ घरीच राहिला. थेट डोहाच्या कडेला बसले, पाय पाण्यात. आसरांची आठवणही झाली नाही. हात असा हलायला लागला की काठी दोन्ही हातांनी धरली तरी थांबेना. स्वेटर विसरले होते, दुसरं कारण नाही.
धांड्याचा तुकडा बुडाला. ओढलं. मरळ, कोपरापासून बोटांपर्यंत, सापासारख्या तोंडाची. मी किंचाळले, असं धुणं धुणारी लीलाबाई सांगते. मी तिला हाक मारली होती.

९ जानेवारी. ताप एकशे एक.
वाटीभर रस्सा पोटात ठरला. म्हणाले, "मीठ कमी हाय." जन्मात पहिल्यांदा यावरून भांडले नाही. उलट पदराने तोंड पुसलं. माझं. चुलीचा धूर फार.

१२ जानेवारी, रविवार. ताप नाही.
बुढा बाजेवर बसून भाकर कुस्करून खातो आहे. गावभर माझं नाव. मी जाहीर केलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, साऱ्या आळीला माझ्याकडून मरळ. कोणी घरी कोंबडीबिंबडीचं तिखट शिजवू नये. नत्थुजीला म्हटलं, येत जा गा, शिकवीन.

१३ जानेवारी. ताप नाही.
सोमवार होता, तरी गेले. आळीचं काम आहे, महादेव समजून घेईल. हात कसा, देवळाच्या खांबासारखा. मासा नाही.

१४ जानेवारी. संक्रांत. ताप नाही.
हात पक्का. मासा नाही. माझं नाव ऐकून दबून बसले असतील. उद्या ग्यारंटी.

१५ जानेवारी. कर. ताप नाही.
सकाळपासून आळी मसाला वाटून तयार. ह्यांनीही घोंगडी पांघरून डोहावर यायचा हट्ट धरला. माझ्याजवळ बसले, बराच वेळ माझा हात पाहत राहिले.
"लय पक्का झाला तुया हात," म्हणाले. "असा हात काय कामाचा."
म्हटलं, "तुमी बाजेवरून धरा मासे. थेच जमते तुमाले."
हसले. हसता हसता खोकले. एकदाच, पण खोल, पहिल्या दिवसासारखं.
धांड्याचा तुकडा बुडाला म्हणतात. मी पाहिला नाही. मी ह्यांच्याकडे पाहत होते. काठी गेली, नाचरी गेली, मरळही गेली.
"तिळाचा लाडू अडकला वं," म्हणाले. मग पाण्याकडे पाहून, "मासा गेला."
म्हटलं, जाऊ द्या.
घरापर्यंत त्यांचा हात धरून आले. वाट घसरडी होती.
आळीने पिठलं खाल्लं. नत्थुजीने दोनदा वाढून घेतलं, वर विचारलं, शिकायले कधी येऊ.
वच्छला विचारते, काठी हातातून कशी सुटली म्हणून लिहू?
थंडी लिही.