कुणी न विचारलेली उत्तरं

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवसभर पडद्यावर एआयनं लिहिलेलं तपासत बसतो, म्हणून तुला तरी हातानं लिहावं म्हटलं. अक्षर बघून हसू नकोस. आई बरी आहे. गुडघ्यांची कुरकुर चालू, माझ्याबद्दलची त्याहून जास्त.

ऑफिसात आमच्या मजल्यावर आता सहा जण उरलोत. बाकीच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून ठेवल्यात. गल्लीतल्या कॅन्टीनवाल्यानं गाशा गुंडाळला. खालचा शिंपी म्हणतो, ऑफिसला जाणारेच उरले नाहीत, शर्ट शिवू कुणाचे? मामा विचारतात, वर्कशॉपमध्ये लेथवर येतोस का. लगेच सांग म्हणतात. देशभरच्या नोकऱ्यांचा अहवाल तुझ्याच हातून जातो. तूच सांग, थांबू की जाऊ?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू


११ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

हसलेच. आणि लेथवर तू? पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेणारा! अरे, देशाचं उत्पादन झपाट्यानं वाढतंय. नोकऱ्याही टिकून आहेत, आमचेच आकडे आहेत. आता पाहणीवाले घरोघरी फिरत नाहीत. लोकांच्या जुन्या उत्तरांवरून एआयच नवी उत्तरं भरतं. साहेब खूश, खर्च वाचला. अहवाल बाहेरची माणसं तपासतात, मग माझी सही. एका शिंप्याच्या बोलण्यावर देश चालत नाही. थांब तिथेच. काळजीचं कारण नाही, पण लक्ष असावं.

आईला म्हणावं, गोळ्या उशाखाली लपवू नकोस, मला सगळं कळतं. दोघांनी माया ठेवा.

तुझी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दावर मामांना नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्याला घेतलं. सोमवारी आम्हा सहाही जणांना घरी बसवलं. बेकारी भत्त्याला अर्ज केला, तर खिडकीतली बाई म्हणाली, नोंदीत तुम्ही नोकरीवर आहात. मी म्हटलं, मग पगार कुठे मिळतो तेवढं सांगा. तिला हसू आलं नाही. आईला अजून सांगितलं नाहीये. रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून खातो.

एक विचारायचंय. शेवटच्या आठवड्यात एक सरकारी अहवाल तपासायला आला होता, वरची नावं काढलेला. सवयीनं आधी शेवट पाहिला. काळजीचं कारण नाही, पण लक्ष असावं, असं होतं. लहानपणी माझा ताप बघून तू आईला हेच सांगायचीस. म्हटलं, ताईचंच लिखाण, त्यात मी काय तपासणार? न वाचताच पुढे सारला. तूच लिहिला होतास ना?

रागावलीस तरी चालेल, उत्तर मात्र पाठव.

तुझा,
टिल्लू


९ जुलै

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

नाही रे. अहवालही आता एआयच लिहितं, माझ्या जुन्या अहवालांवरून शिकून. म्हणून ते वाक्य. बाहेर कुणीतरी वाचलाय असं समजून मी सही केली. माझा आहे असं समजून तू वाचला नाहीस. म्हणजे कुणीच वाचला नाही.

तुमच्या गल्लीची उत्तरं काढून पाहिली. तू नोकरीवर. शिंप्याचं दुकान जोरात. कॅन्टीनवाल्यानं तर दोन माणसं नवीन ठेवलीत. तशीच धावत साहेबांकडे गेले, तुझं, मामांच्या लेथचं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, अहवाल छापून गेला, त्याच्यावरून भत्ता बंद करायचंही ठरलं, सगळे कामावर असताना भत्ता कशाला? मग दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, तुमच्या मामांकडे अजून कुणी हवंय का.

रविवारी येते. पाहणीची जुनी पिशवी माळ्यावरून काढलीय. पहिलं दार तुमचं, मग सगळी गल्ली. मी विचारीन, सध्या काय काम करता? ताईचं तोंड बघून उत्तर देऊ नकोस, खरं ते सांग. आईसमोर सांग.

शेवटी ते नेहमीचं वाक्य लिहायला हात गेला होता. आवरला.

तुझी,
ताई