आषाढासाठी राखलेला वाटा

मी पंचफुला, तुलाराम मारबते यांची विधवा, वय साठीच्या पुढे, जात ढिवर, राहणार मौजा मोहटोला, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. गावचे गुरुजी ईश्वर शेंडे ते लिहून घेत आहेत. छातीत पाणी झाले आहे. डॉक्टर काही बोलत नाहीत, म्हणून मीच बोलून घेते.

घर व परसातली चिंच मुलगा धनीराम याची. चिखल्याच्या खाणीत लागल्यापासून त्याला मासोळीचा वास सोसत नाही. रस्सा मात्र सोसतो. पाणी भरायची पितळी गुंडी सून रुखमा हिला द्यावी. मागून मागून थकली बिचारी. पोस्टात आहे ते माझ्या क्रियाकर्माला. तेरवीचे गावजेवण घालू नये. आजारात जे फिरकले नाहीत त्यांना माझा भात कशाला?

आता माझे मोठे जाळे. ते मी स्वतः विणले आहे, त्यावर धनीरामचा हक्क नाही. आमच्या तलावाची रीत अशी, की मासोळ्या धरायच्या दिवशी माणसासारखाच जाळ्यालाही एक वाटा मिळतो, मालक हजर असो वा नसो. माझ्यामागे हे जाळे आमच्या ढिवर सोसायटीने दर हिवाळ्यात पाण्यात घालावे आणि त्याचा वाटा विकून येईल तो पैसा लढाईतून पळून आलेल्या माणसांच्या औषधपाण्यासाठी वेगळा ठेवावा.

कारण सांगते. एकाहत्तर साली बंगालातल्या लढाईतून निघालेली काही माणसे ट्रकांनी आणून आमच्या शाळेमागे तंबूंत ठेवली होती. आषाढात तिथे हैजा लागला. तंबूंवरचे डॉक्टर म्हणाले, सरकारी सलाईन निघाली आहे, पण तोवर साकोलीहून विकत आणा, नाहीतर माणसे जातील. गावात धानाची रोवणी चाललेली, पैसा सगळा शेताच्या बांधीत गेलेला. आमच्याकडे तलाव होता, मासोळी विकून पैसा झाला असता. पण आषाढात मासोळीच्या पोटी अंडी असतात, तेव्हा जाळे टाकायचे नाही हा आमचा नेम. सोसायटीचे प्रमुख गोमाजी, माझे धाकटे दीर. मी त्यांच्या दारात जाऊन बसले.

"भाऊजी, एक डाव टाकू द्या. लेकरं मरून राहिली तिकडं."

"वहिनी, आज अंडी मारली त पुढच्या साली आपली लेकरं काय खातीन? मले कायले पापात पाडता?"

ते खोटे बोलत नव्हते, हाच माझा राग आहे. खोटे असते तर मी भांडून जिंकले असते.

तरी जाळे घेऊन तलावावर गेले. तिथे पाळीवर, बांधावरच, सोसायटीच्या माणसांनी अडवले. तशीच तंबूंकडे वळले. तिथे एक बाई होती, तिकडची कोळीण. तिची बोली मला कळेना, माझी तिला. मांडीवर मुलगी, ओकून ओकून सुकलेली. माझे जाळे तिने ओढून घेतले आणि फाटले होते तिथे गाठ मारत बसली. दुसरे ती काय करणार? मीही काय करणार होते? मुलगी संध्याकाळी गेली. सलाईन त्यानंतर आली. पुढे त्यांना कुठे नेले, कोणी सांगितले नाही. ती गाठ आमच्या गाठीसारखी नाही, पण अजून सुटलेली नाही. जाळे दुरुस्त करणाऱ्याने तिला हात लावू नये.

म्हणून वाटा हिवाळ्यातला, पण राखायचा आषाढासाठी. रोग आमच्या बंदीच्या महिन्यांत येतो. तेव्हा दारोदार जाऊन काही होत नाही, आधीचे ठेवलेले असावे लागते. सध्या रेडिओवर ऐकते, लंकेतल्या मारामारीतून माणसे होड्यांनी रामेश्वराला उतरत आहेत. आपल्याकडे कोणी आले नाही, तर मनिऑर्डर तिकडच्या दवाखान्याला करावी. मंडप, भजन, सोसायटीचा चहा यांत हा पैसा घालू नये.

गुरुजी म्हणतात, जाळे देता येते. त्याच्या वाट्याचे काय करायचे ते सोसायटीवर बांधून घालता येत नाही, कायद्यात बसत नाही. नसेल बसत. मेल्यावर मला कोणाच्या दारात जाऊन बसता येणार नाही, एवढे कळते. तरी लिहा.

निशाणी डावा अंगठा: पंचफुला तुलाराम मारबते

साक्षीदार:
१. शकुनबाई चिंधू मेश्राम, शेजारीण. निशाणी अंगठा.
२. गोमाजी मारबते. सही. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "सोसायटी मानन का नाही, मले सांगता येत नाही, वहिनी. गुरुजी, माझं नाव माझ्यापुरतं लिहा." तसे लिहिले.

मौजा मोहटोला, दिनांक ४ जुलै १९८४. आषाढ लागला आहे, तलाव बंद आहे.