सात कडवी, पाच व्होल्ट

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कामाचा माणूस नोंदी ठेवतो. बाकीचे गप्पा मारतात.

मुद्दा असा. घराण्याचा चांदीचा गणपती एक वर्ष माझ्याकडे देवासला बसतो, एक वर्ष वीरेंद्रकडे धारला. वीरेंद्र माझा धाकटा भाऊ. धारला पाण्याचे पंप विकतो. यंदा पाळी माझी. पण सावित्रीकाकींनी धारहून फर्मान काढलं आहे. ज्या घरची माणसं घराण्याची आरती सातही कडव्यांनी पूर्ण करतील, गणपती कायमचा त्या घरी. आरती पाठ फक्त काकींना, आणि त्यांचा आवाज गेल्या वर्षी बसला तो बसलाच. वीरेंद्रची बायको पाठ करायला लागली आहे म्हणे. करू दे. पोपटही करतो.

मला दोन कडवी येतात. पुढे टाळ्या वाजवतो. घरातल्या थोरल्याने सगळंच स्वतः करायचं नसतं.

आपल्याकडे तंत्रज्ञान. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर मागवला आहे. टीव्हीला जोडायचा. काकींचं जुनं रेकॉर्डिंग वाजेल, पडद्यावर ओळी येतील, घर मागे म्हणेल. रेकॉर्डिंग अल्पनाच्या फोनमध्ये आहे. अल्पना म्हणजे सूनबाई, शाळेत विज्ञान शिकवते. ओळीही तिनेच टाइप केल्या. म्हणाली, मामंजी, सरळ फोनवरच लावू की. मी म्हटलं, फोनवर दूधवाला बोलतो.

वीज खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. बिल विभागात असलो तरी वीज तीच.

६ ऑगस्ट

कॉम्प्युटर आला. सोबत चार्जर नाही. कपाटातला जुना मोबाइल चार्जर लावला. प्लग टीव्हीपासून लांब, म्हणून तीन मीटरची केबल. दहा मिनिटांत चालू. आमच्या सौ. इंदिराबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, अहो, भाजी आणायची होती.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिवळी वीज चमकते. वीज जोरात येते आहे याची निशाणी. बनवणाऱ्याने विचार केलेला दिसतो.

अल्पना म्हणाली, मामंजी, वीज कमी पडली की ते चिन्ह येतं. मी नुसता हसलो. पाणी नसलेल्या नळावर कोणी पाण्याचं चित्र काढतं का? शाळेत हल्ली हेच शिकवत असणार.

७ ऑगस्ट, संध्याकाळ

पहिली तालीम. पहिलं कडवं उत्तम. दुसरं उत्तम. तिसऱ्याच्या पहिल्या ओळीला पडदा काळा. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. सहा वेळा केलं. सहाही वेळा तिसऱ्यालाच.

निदान झालं. देवासची लाइन खराब. घरात व्होल्टेज कमी येतं. एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी वाचल्या आहेत, मला नको सांगायला.

१० ऑगस्ट

मोठा स्टॅबिलायझर आणला. दोन हमाल लागले. आकडा दाखवतो, २३०. खोलीभर घुंईऽऽ आवाज. इंदिराबाई म्हणाल्या, अहो, हा आरतीत बोलेल. मी म्हटलं, हा तंबोरा समजा.

तालीम. तिसरं कडवं. पडदा काळा.

म्हणजे लाइन माझ्या अंदाजापेक्षाही खराब.

१२ ऑगस्ट

जुन्या ऑफिसात तीन प्रतींत अर्ज. विषय, संदर्भ, सोबत माझे आकडे. सकाळी २३१, दुपारी २२८, संध्याकाळी २३०. लगेच माणूस आला. अजून वजन आहे. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, साहब, लाइन तो एकदम बढ़िया है. जाताना कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, इस बेचारे को कितना मिल रहा है, वो देख लो. त्या बेचाऱ्याला? तो भिंतीतूनच तर घेतो.

आमच्या वेळी असली भरती नव्हती.

१४ ऑगस्ट

वीरेंद्रचा फोन. चौकशीच्या नावाखाली हेरगिरी. मी लाइनचा विषय काढला. तर म्हणतो, दादा, केबल केवढी लांब आहे? आमच्याकडे धामनोदचे शेतकरी हेच करतात. बोअरला लांब अन् बारीक वायर टाकतात, मग मोटर नुसती हुं हुं करते, पाणी चढत नाही. खांबावर वीज पूर्ण असते, मोटरपर्यंत पोचत नाही. जाड वायर टाक, आखूड टाक.

घराण्याच्या आरतीची तुलना बोअरशी. पंप विकून विकून माणसाचं हेच होतं.

तरी मन मोठं ठेवून म्हटलं, बघतो. बघितलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

अल्पनाने मला न विचारता चौकशी केली. या कॉम्प्युटरला पाच व्होल्ट, तीन अँपियरचा अडॅप्टर लागतो. आपला जुना चार्जर एक अँपियरचा. रस्त्यापलीकडे यशवंतरावांच्या दुकानात मिळतो.

रस्त्यापलीकडे.

देवासात गाद्या दोन होत्या. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी. आमचे पणजोबा थोरल्या पातीच्या दरबारात. यशवंतरावाचे पणजोबा धाकट्या पातीकडे, तेही पागेत. माझ्या वडिलांनी त्या बाजूची सुईसुद्धा घेतली नाही. अल्पना म्हणाली, मामंजी, संस्थानं जाऊन पंच्याहत्तर वर्षं झाली. मी म्हटलं, त्यांची गेली असतील. ती बागलीची. तिला काय कळणार.

गणपतीच्या आरतीला धाकट्या पातीची वीज लावणार नाही. निश्चय.

१९ ऑगस्ट

चौकात यशवंतराव स्वतःच भेटला. बातमी पोचलेली. म्हणाला, काय भिया, पाच व्होल्टसाठी अडलात? दुकानात या, नाहीतर मी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, अर्ध्यात द्या-घ्या करू. पानवाला हसला. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे अँपियर सुटे मिळतात का? त्यावर कोणी हसलं नाही. विनोद कळायला पिढ्या लागतात.

२१ ऑगस्ट

आजपर्यंत अठ्ठेचाळीस तालमी. नात चिऊ सहा वर्षांची, तिला दोन कडवी तोंडपाठ झाली. ही माझ्या पद्धतीची सिद्धता. मात्र दुसरं कडवं संपलं की ती प्रसादासाठी हात पुढे करते. तिच्या मते आरती तिथे संपते. मी दुरुस्त केलं नाही. मुलांचा उत्साह मारू नये.

तिसऱ्या कडव्याची ओळच जड असेल असा आता संशय. अल्पनाला म्हटलं, तिसरं वगळून बघ. ती म्हणाली, काकींना मोजता येतं.

२४ ऑगस्ट

मार्ग निघाला. कॉम्प्युटर गरम होतो, म्हणून दमतो. छोटा पंखा आणला. कॉम्प्युटरच्याच भोकात खुपसला. फिरतो. मखराला दिव्यांची माळ हवीच होती, तीही शेजारच्या भोकात. एकाच यंत्रातून आरती, वारा आणि रोषणाई. वीरेंद्रच्या बायकोला हे पाठ करता येईल का?

कोपऱ्यातली पिवळी वीज आता सतत दिसते. पूर्वी अधूनमधून दिसायची. सुधारणा.

मुद्दाम तालीम घेतली नाही. यंत्राला विश्रांती.

२६ ऑगस्ट

उद्या स्थापना. काकी, वीरेंद्र आणि त्याची बायको सकाळी धारहून येणार. शेवटची खबरदारी म्हणून अल्पनाचा फोनचार्जर काढून कॉम्प्युटरला लावला. तो नवा आहे. ती म्हणाली, फोन बंद पडेल, रेकॉर्डिंगची दुसरी प्रत त्यातच आहे. दुसरी प्रत हरणाऱ्यांना लागते.

केबल तीच. सवयीची आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

संक्षेपात लिहितो.

स्थापना बारा वाजून दहाला. काकी खुर्चीत, समोर. आळीतले वीस-बावीस लोक. यशवंतरावही आला, दर्शनाला कोणाला अडवता येत नाही. मी दोन शब्द बोललो. वीरेंद्रने घड्याळ बघितलं, म्हणजे चार शब्द झाले असतील.

बटण दाबलं. काकींचा जुना आवाज आला. काकींनी डोळे मिटले. माळ पेटली. पंखा फिरला. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला पडदा काळा.

पुन्हा. या वेळी पहिल्या ओळीला.

तिसऱ्यांदा आवाजच आला नाही. पिवळी वीज तेवढी दिसली.

तबकातला कापूर विझत आला. इंदिराबाईंनी दुसरा टाकला. अल्पनाने फोन काढला. बंद. चिऊने एकटीने दोन कडवी म्हटली आणि प्रसादाला हात केला. लोक हसले. मीही हसलो, म्हणजे ठरवून केल्यासारखं दिसावं.

मग वीरेंद्रच्या बायकोने डोक्यावरून पदर घेतला आणि सातही कडवी म्हटली. कुणाकडे न बघता. फार घाईत म्हणाली असं माझं मत.

काकींनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज अगदी खोल गेला आहे, कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाल्या, उदाजी, देवाला अर्ध्यात ताटकळत ठेवलंस रे.

लाइन खराब होती, असं मी म्हणालो. मागे टेबलावर स्टॅबिलायझर २३० दाखवत होता.

३१ ऑगस्ट, रविवार

पाच दिवस झाले. मातीचा गणपती विसर्जित. चांदीचा वीरेंद्रने रेशमी रुमालात घेतला. मी म्हटलं, धारला ने, तुमच्याकडे हवा चांगली आहे, मीच पाठवतो आहे. असं म्हणणं आवश्यक होतं. वीरेंद्र वाकून पाया पडला. त्याचं हे मला कधीच आवडलं नाही. जिंकल्यावर पाया पडतो.

गाडी निघेपर्यंत इंदिराबाई दारात होत्या. नंतर त्यांनी मला चहा विचारला नाही.

निर्णय: ही देवाण-घेवाण दोन्ही घरांसाठी दगदगीची होती. मी ती थांबवली.

२ सप्टेंबर

दुपारी अल्पना रस्ता ओलांडून गेली. मला न विचारता. अडॅप्टर घेऊन आली, वीतभर लांबीची जाड केबल त्यालाच जोडलेली. पंखा काढला, माळ काढली. कॉम्प्युटर प्लगजवळ ठेवला आणि टीव्हीची तार लांब घेतली. हे इतकं सोपं आहे की विचार करणाऱ्याला सुचत नाही. मग ती शिकवणीला गेली.

कोपऱ्यातली पिवळी वीज गेली आहे. वीज कमी झाली असावी. यशवंतरावाचा माल.

चार वाजता लावून बघितलं. दोष पकडायला. तिसरं कडवं झालं. चौथं. थांबलं नाही.

सातवं मी आज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं. त्यात काकी देवाला म्हणतात, या घरातून उठून जाऊ नकोस. आवाज स्वच्छ आला. चौरंग अजून आवरायचा आहे.