एकशे सत्तावीस डिग्री

सोम., ७ एप्रिल
नव्या कॉम्प्युटरवर हार्डवेअर मॉनिटर नावाचा प्रोग्राम टाकला. आतल्या प्रत्येक भागाचं तापमान दाखवतो. सगळ्या ओळी चाळिसाच्या आसपास, एक मात्र १२७ डिग्री! लाल अक्षरात. मंडळाची स्मरणिका निम्मी टाइप झालीय आणि हा आतून जळून राहिलाय. माझ्या गेलेल्या मित्राची, दत्ताची मुलगी म्हणून वंदूच्या दुकानातून घेतला. दत्ता असता तर आज त्यालाच धरलं असतं.

बुध., ९ एप्रिल
वंदू आली. झाकण उघडलं, पंखा पाहिला, आत बोट टेकवलं. "काका, ठंडा आहे. हात लगाके देखो ना."
हात लावला नाही. म्हटलं, मी जन्मभर फॅक्टरीत इन्स्पेक्टर होतो, हाताचा अंदाज रजिस्टरात चढत नाही. मीटर काय म्हणतो ते सांग.
"मीटर गलत दाखवत असेल."
"मीटर खोटा आणि तू खरी?"
तरी पदरचा नवा पंखा बसवून गेली. आकडा तोच.
कुंदा स्वयंपाकघरातून: "काहून त्या पोरीच्या मागे लागले तुम्ही? चहा तरी पिऊ द्या तिला." प्यायली नाही.

रवि., १३ एप्रिल
मंडळाची मीटिंग. मुलांच्या वर्गासाठी चार कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. वंदूचं नाव जवळजवळ ठरलं होतं. मला विचारलं. म्हटलं, जुने पार्ट टाकते असं वाटतं.
अध्यक्ष: "चलो, इन्स्पेक्टरसाहेबांनी रिजेक्ट केलं, विषय संपला." सगळे हसले. मीही. काम बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानाला गेलं.
'वाटतं' असंच म्हटलं होतं मी. पण तेवढं कोण ऐकतो.

गुरु., १७ एप्रिल
रात्रभर बंद होता. सकाळी चालू केल्याकेल्या १२७. भरपूर टायपिंग झालं, तरी १२७. एक डिग्री वर नाही, एक खाली नाही.
न हलणारी सुई मेलेली असते, हे मापयंत्रं तपासायच्या गेजरूममध्ये आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगायचो. प्रमाण मानलेल्या मास्टर गेजशी ताडून पाहिल्याशिवाय एक मीटर पास केला नाही कधी. आणि हे फुकट डाउनलोड केलेलं...

शुक्र., १८ एप्रिल
बायोसमध्ये शिरून पाहिलं, म्हणजे कॉम्प्युटरचा बोर्ड स्वतः काय सांगतो ते. ४१. एकशे सत्तावीसची ओळच नाही तिथे. माझा प्रोग्राम जुना निघाला. नवा टाकला, ओळ गेली. इंटरनेटवरही हेच लिहिलंय: जिथे सेन्सर बसवलेलाच नसतो तिथलाही आकडा काही प्रोग्राम छापतात.
म्हणजे तिथे काहीच नव्हतं. रिकाम्या जागेपायी दत्ताच्या पोरीला चोर ठरवलं मी. फार वाईट वाटतंय.
कुंदाला सांगितलं. "मले काय सांगून राहिले? तिला सांगा."

रवि., २० एप्रिल
आधी अध्यक्षांकडे गेलो. "अहो, ॲडव्हान्स देऊन झाला. आप भी ना! आता काहून उकरून राहिले?" म्हटलं, निदान पुढच्या मीटिंगमध्ये माझी चूक सगळ्यांसमोर सांगू द्या. "बघू." त्यांचं बघू मला माहीत आहे.

मंगळ., २२ एप्रिल
रांझीला वंदूच्या दुकानात. गिऱ्हाईक होतं, बाजूला उभा राहिलो. मग एका दमात सगळं सांगितलं, मंडळातलंसुद्धा. तिला आधीच कळलेलं. कोणी सांगितलं ते विचारलं नाही.
"कोई बात नहीं सर. होतं असं."
सर! फ्रॉकात होती तेव्हापासून काका म्हणायची. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने खुर्ची दिली, पुसून.
कुंदा विचारत होती काय म्हणाली. म्हटलं, काही नाही.

शनि., ३ मे
दुपारी टाइप करताना जळका वास. मॉनिटरवर सगळं चाळिसात, एकही ओळ लाल नाही. उठून कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला. मागे चटका बसला. बंद केला, प्लग काढला.
पार्ट जुना, हे पुन्हा ओठांवर आलं होतं. गिळलं.
कुंदा म्हणे, दुसऱ्या कोणाला बोलवा, कोणत्या तोंडाने तिला फोन करता? तरी तिलाच लावला.
"हां सर, बोलिए."
म्हटलं, वंदू, मीटर सगळं ठीक दाखवतो, पण चटका बसला. मीटरचं नाही सांगत. हाताचं सांगतो आहे.
पलीकडे ती गिऱ्हाईकाला म्हणाली, "दो मिनट." दुकानातला गलका मागे पडला.
मग: "हात कुठे लावला?"